सोपटातली मोकळी जागा

आज लगेच काही काढायचे नाही. लोगो नाही, लग्नपत्रिका नाही, दुकानाची पाटीही नाही. आधी नुसते बघायचे आहे. संगणक बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या आणि खाली मांडी घालून बसा.

रावेरच्या पंचक्रोशीत राहत असाल तर वस्तू शोधायला लांब जावे लागणार नाही. बाग कापून झाली की केळीची खोडे बांधावर पडलेली असतात. त्यातल्या एकाची विळ्याने बोटभर जाडीची चकती कापून आणा. अंगावर जुने कपडे असू द्या. केळीचा चीक एकदा लागला की डाग निघत नाही. केळीच्या मुलखाबाहेर असाल तर घरातला तांब्या घ्या, सूप घ्या. वस्तू रोजच्या वापरातली हवी, एवढीच अट.

चकती तळहातावर ठेवा. लगेच बघू नका. आधी तिचे वजन हाताला कळू द्या, गारवा कळू द्या. मनात नावे येतील, उपमा येतील, 'याचा लोगो छान होईल' असेही येईल. येऊ द्या, जाऊ द्या.

आता कडेपासून सुरुवात करा. सगळ्यात बाहेरचे सोपट, म्हणजे पानाच्या बुडख्याचा थर, मधोमध जाड आहे आणि दोन्ही टोकांना निमुळते होत गेले आहे. त्याच्या आतले सोपट दुसऱ्या बाजूने आले आहे. त्याच्या आतले तिसरीकडून. प्रत्येकाने आतल्याला कवेत घेतले आहे. एकही रेघ पुरते वर्तुळ करत नाही, तरी सगळी सोपटे मिळून गोल झाली आहेत. नजर एका सोपटावरून घसरून दुसऱ्यावर जाते ती जागा नीट पाहा. तिथे थोडा वेळ राहा. श्वास चालू आहे, बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येतो आहे, काही बिघडत नाही.

मग एक सोपट अलगद सोडवा आणि त्याची कापलेली कड उजेडाकडे धरा. बाहेरची साल, आतली साल आणि दोन्हींच्या मध्ये ओळीने कप्पे. कप्प्याकप्प्यात पातळ पडदा, बाकी नुसती हवा. केळीला लाकूड नसतेच. आपण खोड म्हणतो तो पानांच्या बुडख्यांचा गुंडाळा. केळ निसवायच्या वेळी खरा दांडा जमिनीतून या गुंडाळ्याच्या मधून वर चढतो आणि माथ्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबू लागतो. तो भार या पोकळ कप्प्यांच्या रचनेवर तोललेला असतो. धागे बहुतेक बाहेरच्या सालीत एकवटलेले, आत पाणी आणि हवा. वजन कमी, ताकद पुष्कळ.

इथे जरा थांबा. 'एवढी जागा मोकळी राहिली, काहीतरी टाका ना तिथे' हे वाक्य फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकले आहे. आपणही घाबरून तिथे फूल टाकतो, नक्षी टाकतो, आणखी एक फोटो टाकतो. हातातल्या सोपटाला विचारा, हे कप्पे गच्च भरले असते तर काय झाले असते? मोकळी जागाही भार उचलते, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या चकतीत स्वच्छ दिसते.

आता चकती कोऱ्या कागदावर दाबा आणि उचला. आधी ओल दिसेल फक्त. चीक हवेने हळूहळू तपकिरी होत जाईल. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.

तोवर तांब्याकडे वळू. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देश फिरून आलेल्या या दोघांना सगळ्यात सुंदर वाटलेल्या वस्तूंपैकी एक होता साधा लोटा, म्हणजे आपला तांब्याच. त्याच्या सौंदर्याचे वर्णन करण्याऐवजी त्यांनी प्रश्नांची माळ लावली. पाणी किती मावावे? तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा? भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? आत हात घालून घासता येतो का? आपटला तर आवाज कसा येतो? तुमच्या तांब्याला हेच विचारा. गळा अरुंद का आणि काठ बाहेर का वळला, हे बोटांना कळेपर्यंत विचारा. कुणा एकाने तो एका बैठकीत काढलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडवला आहे.

रोजच्या वस्तूकडे असे पुन्हा पाहणे रावेरच्या या मुलखात एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये सावद्याशेजारच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले. त्यांनी सजावटीला शहरातून काही मागवले नाही. इथलाच बांबू, इथलेच सामान, इथल्याच कारागिरांचे हात. खेड्यातली बैलगाडी सजवून त्यांनी अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंसाठी रथ केला आणि त्याला सहा बैलजोड्या जुंपल्या. पुढे १९३८ च्या हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चारशेच्या आसपास चित्रे केली. त्यांतही रोजचीच माणसे: चांभार, सुतार, ढोलवाले, घरकामातल्या बायका. बैलगाडी फैजपूरच्या लोकांनी रोज पाहिलेली होती. नंदबाबूंनी तिच्याकडे पुन्हा पाहिले. आज आपल्या केळीच्या पेट्यांवर इंटरनेटवरून उचललेले गुळगुळीत पिवळे केळे छापलेले दिसते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण बाग दुकानापासून हाकेच्या अंतरावर असते.

ठसा आता उमटला असेल. पेन्सिल घ्या. ठसा गिरवू नका, तो बाजूला ठेवा. एका सोपटाने दुसऱ्याला जिथे कवेत घेतले होते, तेवढीच जागा आठवून काढा. दोन रेघा, फार तर तीन. एक जाडीतून बारीक होत जाणारी, दुसरी तिच्या पोटातून निघणारी. मधली जागा तशीच सोडा. हात भरायला धावेल, त्याला आवरा. वीस वेळा काढा, वीस कागद खराब होऊ द्या.

त्यातला एक निवडून बाग कापणाऱ्या एखाद्या काकांना दाखवा. काही सांगू नका. त्यांनी आपणहून केळीचे नाव घेतले तर पुढच्या कामाला लागा. 'हे काय काढलं?' असे विचारले, तर उद्या नवी चकती कापून आणा.