सर्व माणसांसाठी उपकारस्तुती



आपल्या घरात, शेजारात किंवा कामाच्या ठिकाणी असे एक तरी प्रिय माणूस असते, की ज्याने प्रभू येशूवर अद्याप विश्वास ठेवलेला नाही. कोणाचा पती, कोणाचा मुलगा, तर कोणाचा जिवलग मित्र. त्याच्यासाठी आपण वर्षानुवर्षे प्रार्थना करतो आणि एके दिवशी मनात प्रश्न उभा राहतो, की देवाजवळ आता नेमके मागावे तरी काय?

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच याचे उत्तर आहे. सर्व माणसांसाठी करावयाच्या प्रार्थनेबद्दल लिहिताना तो चार ग्रीक शब्द योजतो. 'देएसिस' म्हणजे विनवणी. तिच्या मुळाशी उणीव, गरज हा अर्थ आहे. 'प्रोसेउखे' हा प्रार्थनेचा सर्वसाधारण शब्द. 'एन्तेउक्सिस' म्हणजे अधिकाऱ्यापुढे जाऊन अर्ज करणे, रदबदली. आणि चौथा 'युखारिस्तिया', म्हणजे उपकारस्तुती.

भाषांतर करताना पहिल्या तीन शब्दांच्या अर्थच्छटांपाशी माझी लेखणी अडली. चौथ्यापाशी मात्र अंतःकरण अडले. विश्वास न ठेवणाऱ्यांबद्दलही उपकारस्तुती! पौल लगेच राजांचा उल्लेख करतो, आणि त्या काळचा एकही रोमी सम्राट ख्रिस्ती नव्हता.

मी माझ्या प्रार्थना तपासून पाहिल्या. माझा थोरला भाऊ ख्रिस्ती घरात वाढूनही विश्वासापासून दूर गेला. त्याच्यासाठी मी वीस वर्षे प्रार्थना करीत होतो. परंतु ती बहुधा त्याच्याविरुद्ध केलेली फिर्यादच असे. त्याचा हट्ट, त्याने केलेली थट्टा, यांचाच पाढा मी देवापुढे वाचीत असे. आमच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात त्याने रात्रीचा दिवस करून त्यांची सेवा केली, त्याबद्दल मात्र मी देवाचे आभार कधीच मानले नव्हते. ज्या दिवशी मानले, त्या दिवशी बदल प्रथम माझ्यात झाला. त्यानंतर दादाशी वाद न घालता मला बोलता येऊ लागले. तो अद्याप विश्वासात आलेला नाही. मी प्रार्थना सोडलेली नाही.

अशा प्रतीक्षेत ऑगस्टीनची माता मोनिका हिची आठवण धीर देते. इ. स. 383 च्या सुमारास तिचा मुलगा कार्थेजहून रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून ती किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळी रात्रभर अश्रू ढाळीत राहिली. तो तिला फसवून त्याच रात्री निघून गेला. तिने मागितले ते मिळाले नाही. परंतु त्याच प्रवासामुळे तो पुढे मिलानला पोहोचला, बिशप अँब्रोझ यांची प्रवचने ऐकू लागला आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने त्या रात्रीची विनंती नाकारली, ती तिची आयुष्यभराची विनंती पुरी करण्यासाठी, हे ऑगस्टीनने स्वतःच पुढे लिहून ठेवले.

म्हणून देवाला मार्ग आखून देऊ नका. फिलिप्पै येथे लुदियेचे अंतःकरण प्रभूने उघडले. पौलाने केवळ सांगितले. अंतःकरण उघडणे हे आपले काम नाही. तेथे दडपण, आमिष किंवा टोमणा यांना जागा नाही. कलस्सैकरांना पौल विनंती करतो, की आपणास वचन जसे सांगितले पाहिजे तसे सांगता यावे म्हणून प्रार्थना करा. प्रेषितालाही आपल्या मुखासाठी प्रार्थनेची गरज वाटली, तर आपल्याला ती किती अधिक असावी!

वाचकहो, आज रात्री त्या प्रिय माणसाचे नाव घेऊन गुडघे टेका. प्रथम त्याच्यातील एका चांगल्या गोष्टीबद्दल देवाची उपकारस्तुती करा. मग त्याची आजची गरज सांगा. त्याची नोकरी, त्याचे दुखणे, त्याची मुले. मग त्याच्या तारणासाठी विनवणी करा. आणि शेवटी स्वतःसाठी मागा, की त्याला आपल्यामध्ये ख्रिस्ताची प्रीती दिसावी.

ज्याने आपल्याला खिळणाऱ्यांसाठी वधस्तंभावरून क्षमा मागितली, तो प्रभू आपल्याला अशी प्रार्थना करावयास शिकवो. आमेन.