डबीची मागची बाजू

उभी राहा. ती डबी इकडे टेबलावर आण.

चौघींनी वर्गणी काढून घोटावडे फाट्यावरून 'ऑलिव्ह बटर' आणलंत. पैसे तुमचे, त्याबद्दल मी बोलत नाही. पण ते घरी नेऊन धाकट्या भावाच्या कोपरातल्या खाजऱ्या चट्ट्यांवर चोळलंस, ते कुणाला विचारून? झाकणावर 'नैसर्गिक' छापलंय म्हणून? मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ.

कार्बनी संयुगांचा धडा याच वर्गात शिकवला ना मी? असंपृक्त तेल, निकेल उत्प्रेरक, दुहेरी बंधांवर हायड्रोजन, तयार झालं वनस्पती तूप. चाचणीत पैकीच्या पैकी गुण घेतलेस. मग दुकानात शिरताना ती अक्कल कुठे गहाण ठेवलीस? ऑलिव्हच्या तेलात निम्म्याहून जास्त ओलेइक आम्ल असतं, ते आपल्या हवेत पातळच राहतं. डबीत ते घट्ट बसलंय, तर त्याचं काय केलं असेल, हा प्रश्न तुला पडायला हवा होता.

डबी उलटी कर. मोठ्याने वाच. पहिलं नाव 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल', ऑलिव्ह ऑइल त्याच्यामागून. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे पैसे मोजलेत ऑलिव्हचे आणि घरी आणलंत मुख्यतः वनस्पती तूप.

हे विष आहे असं मी म्हणत नाही, बाहेर जाऊन तसं पसरवू नका. स्निग्ध पदार्थ कातडीवर थर धरतो आणि आतलं पाणी उडू देत नाही. पण स्वतः पाणी देत नाही, म्हणून तो अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचा. लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या तुझ्या आईच्या टाचांना लावलं असतंस तर मी एक शब्द बोलले नसते. तिच्या भेगा दिसल्या नाहीत तुला?

त्यातही असं लोणीच हवं होतं, तर आपल्या फाट्यावरचा रस्ता ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. तिथे कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारं तेल काढून घेतात. गार झालं की ते आपोआप थिजतं, कारण त्यात मुळातच स्टिअरिक आम्ल भरपूर. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. टाचांच्या भेगांवर कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच लावत आली आहेत.

खाजणारी, लाल झालेली कातडी ही निराळी गोष्ट. तिची वरची भिंत आधीच खिळखिळी झालेली असते. २०१३ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९ प्रौढांच्या हातांवर काही आठवडे रोज दोनदा ऑलिव्ह तेल लावून पाहिलं. ती भिंत कमकुवत झाली, हलका लालसरपणाही आला. सूर्यफुलाच्या तेलाने तसं झालं नाही. तो प्रयोग तेलाचा होता, या डबीचा नव्हे. पण तेच तेल या डबीतही आहे आणि तू ते चार वर्षांच्या पोरावर चोळलंस!

आज घरी गेल्यावर कोमट पाण्याने त्याचे कोपर हलक्या हाताने धू. घासू नकोस. उद्या सकाळी आईबरोबर त्याला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. डबी सोबत घे आणि काय, किती दिवस लावलं, ते डॉक्टरांना खरं खरं सांग. उद्याची तुझी हजेरी मी बघते.