भुईखालचे शेजारी

जे आपल्याला दिसत नाही, ज्याला आपण ओळखत नाही आणि आपले उपकार-अपकार ज्याला कळण्याची मुळीच शक्यता नाही, त्याच्यावर अन्याय करता येतो काय? प्रश्न वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. ऐन दिवाळीत, चकली-चिवड्याची ताटली शेजारी ठेवून अंक उघडणाऱ्या वाचकाला तो विचारणे कदाचित रीतीलाही सोडून होईल. परंतु मी राहतो त्या शेलू गावी हा प्रश्न मला गेली काही वर्षे जाता-येता भेटतो आहे, आणि तो एकट्याला सुटत नाही म्हणून आज आपल्यापुढे ठेवतो.

शेलू हे मध्य रेल्वेवरचे, वांगणी आणि नेरळ यांच्या मधले एक लहानसे स्टेशन. तालुका कर्जत. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीचा सखल पट्टा, आणि मध्ये भाताची खाचरे. मुंबईत ज्यांना घर परवडत नाही अशी माणसे आता इकडे येऊन राहू लागली आहेत. त्यामुळे खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. इमारत उभी राहण्यापूर्वी जमीन सपाट करावी लागते. जमीन सपाट करताना झाड आडवे आले तर निदान दोन माणसे थांबून हळहळतात. वारूळ आडवे आले तर कोणी थांबत नाही. जेसीबीचा एक फटका, आणि काम संपते.

या वारुळात काय असते? साप असतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. साप कधीमधी आयत्या बिळावर येऊन राहतो हे खरे. पण घराची मूळ मालकीण वाळवी. ही वाळवी शेती करते. काव्य म्हणून मी हे सांगत नाही. शब्दशः शेती करते. वाळलेली पाने, काटक्या, गवत कुरतडून आणावे, पोटातून एकवार काढून त्याचे मधाच्या पोळ्यासारखे, खळग्याखळग्यांचे लगदे रचावेत, आणि त्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवावी, असा तिचा क्रम आहे. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला स्वतःला नीट पचत नाही, तो ही बुरशी फोडून देते. मग वाळवी ती बुरशी आणि तो मऊ झालेला लगदा खाते. वाळवीवाचून ही बुरशी जगत नाही, आणि या जातीची वाळवी बुरशीवाचून जगत नाही.

पावसाळ्यात योग्य ऊन-पाऊस झाला म्हणजे हीच बुरशी आपला एक लांब देठ जमिनीतून वर ढकलते, त्याच्या टणक टोकाने माती फोडते, आणि एका सकाळी वारुळाभोवती पांढुरक्या छत्र्या उभ्या राहतात. आपली अळंबी ती हीच. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथल्या लोकांना या अळंबीचे केवढे वेड आहे हे तिकडे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. शास्त्रज्ञ या कुळाला टर्मिटोमायसिस म्हणतात. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली हे नाव दिले. आपल्याकडच्या एका जातीला पुढे त्याच्याच नावावरून हाइमी म्हटले गेले.

या शेतीचे मूळ गाव आफ्रिका. तिथल्या पर्जन्यारण्यांत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी वाळवीच्या एका वंशाने ही बुरशी पाळली, आणि तेव्हापासून त्या वंशाने ही शेती एकदाही सोडली नाही. तिथून ती आशियात पसरली. आपली, म्हणजे माणसाची, शेती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांची. आपण ज्या भाताच्या बांधाला वडिलोपार्जित म्हणतो, त्या बांधातल्या शेतकऱ्याचे घराणे आपल्यापेक्षा हजारो पटींनी जुने आहे. आफ्रिकेतल्या झांबिया देशात याच कुळातली एक अळंबी होते. तिची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते. तिला शास्त्रीय नाव मिळाले १९८० साली. तिथल्या बायका ती कितीतरी आधीपासून रस्त्याच्या कडेला बसून विकत आल्या आहेत. नेरळच्या रस्त्यावर श्रावणाच्या आगेमागे पानांत बांधलेली अळंबी घेऊन बसणाऱ्या आमच्या कातकरी आणि ठाकूर बायांना त्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटल्या असत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाघावर अन्याय होतो असे आपण म्हणतो, कारण वाघाला वेदना आहे, आणि त्याच्या डोळ्यांत पाहिले की ते आपल्यालाही कळते. झाडाला निदान सावली आहे, नाव आहे, आजोबांनी लावल्याची आठवण आहे. बुरशीला यांतले काही नाही. ती वनस्पती नाही. शास्त्राच्या दृष्टीने ती झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची ठरली आहे. पण ती प्राण्यासारखी ओरडत नाही. वर्षातले थोडेच दिवस तिची छत्री दिसते, बाकीचा सगळा काळ ती तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने अंधारात काम करीत असते. आपल्या भाषेतही तिला मान नाही. भाकरीला बुरशी आली की भाकरी फेकायची, विचारांना बुरशी चढली की विचार टाकायचे! अशा जिवाशी आपले देणेघेणे ते कसले?

पहिले उत्तर उपयोगाचे. ते खोटे नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली एका बुरशीत पेनिसिलिन सापडले. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली त्याच औषधासाठी सरकारी कारखाना उभा राहिला, आणि या महाराष्ट्रात असे घर विरळा की ज्यातले एखादे माणूस त्या औषधाने वाचले नसेल. जंगलातला पालापाचोळा आणि पडलेले ओंडके कुजवून त्यांची माती करण्याचे कामही मुख्यतः बुरशीचेच. ती एक वर्ष रजेवर गेली तर आपण काटक्याकुटक्यांखाली गुदमरून जाऊ.

परंतु उपयोगाच्या पायावर उभारलेले कर्तव्य मला नेहमीच कच्चे वाटते. ज्याचा उपयोग कळला तो वाचला. ज्याचा कळला नाही त्याचे काय? शिवाय उपयोगाची तागडी दोन्ही बाजूंनी झुकते. वाळवी आमची दारे-खिडक्या खाते, कपाटातली पुस्तके खाते. तेवढ्या हिशेबाने पाहिले तर जेसीबीवाल्याचेच बरोबर ठरेल. म्हातारे आईबाप उपयोगी आहेत म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या मुलाला आपण चांगला मुलगा म्हणत नाही.

दुसरे उत्तर आपल्या परंपरेचे, आणि ते अधिक खोल आहे. नागपंचमीला बायका वारुळाची पूजा करतात. त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, घरात भाजीसुद्धा चिरायची नाही. गावोगावच्या देवरायांत तर लाकूडफाटाही तोडायचा नाही, डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातल्या या देवराया हिंडून त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. सुशिक्षित मनुष्य या रूढींना भीतीची लेकरे म्हणतो. भीती त्यांत आहेच. पण तिच्याबरोबर आणखी एक शहाणपण आहे, आणि ते मला मोलाचे वाटते: या भुईखाली कोण राहते हे मला पुरते ठाऊक नाही, म्हणून माझा हात मी आवरतो. आपण सहसा ज्ञान झाल्यावर संयम पाळतो. आपल्या आज्या अज्ञानाच्या जाणिवेतून संयम पाळीत होत्या. पहिल्यापेक्षा दुसरा संयम अवघड, आणि माझ्या मते अधिक नैतिक. उणीव एवढीच, की तो वर्षातून एक दिवस पाळायचा आणि उरलेले दिवस सपाटीकरण करायचे, अशी सोय आपण करून घेतली आहे.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अळंबी वाचवायची म्हटले की पहिले बोट दाखवले जाते ते ती तोडणाऱ्या बाईकडे. 'या लोकांनी ओरबाडून नेली म्हणून संपली,' असे गॅलरीत चहा पीत म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. शास्त्र काय म्हणते? स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून जवळजवळ तीस वर्षे काही जंगलतुकड्यांत अळंब्या तोडून आणि काहींत न तोडता मोजणी केली गेली. नुसत्या तोडण्याने पुढचे पीक घटल्याचे आढळले नाही. फळ तोडल्याने आंबा मरत नाही, त्यातलाच हा प्रकार. मात्र आपल्या वारुळातल्या बुरशीची गोष्ट थोडी वेगळी. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती जे पंखांचे किडे पडतात, त्यांत वाळवीची नवी जोडपी असतात. त्यांतले एखादे जोडपे नवे घर मांडते, आणि त्या घरातल्या पहिल्या मजुरांना बहुतेक जातींत बुरशीचे बी बाहेरून शोधून आणावे लागते. हे बी, म्हणजे बीजाणू, उमललेल्या छत्रीतूनच झडतात. बाजारात भाव मिळतो तो मात्र न उमललेल्या कळीला. सगळ्याच कळ्या टोपलीत गेल्या तर नव्या घरांना बियाणे कुठले? म्हणून काही छत्र्या उमलू द्याव्यात, हे सांगणे योग्यच आहे. गोव्यातले डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक या बुरशीच्या रक्षणाविषयी कित्येक वर्षे तळमळीने बोलत आले आहेत.

पण ते कोणी कोणाला सांगायचे? मी एकदा रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, "मावशी, दरवर्षी एवढी तोडता, मग संपत नाय का?" तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिले. "दादा, आमी काय येडी हाव का समदी काढायला? थोडी ठेवायची. वारूळ हाय तवर अळंबी हाय. वारूळच काढलं तर मंग काय ठेवनार?" मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे काही नव्हतेच. तिच्या टोपलीने एका सकाळचे पीक जाते. सपाटीकरणाने शेत जाते, शेतकरी जातो आणि बियाणेही जाते. माणसाला या अळंबीचे बाजारात नेण्याजोगे पीक अजून स्वतःच्या हाताने काढता आलेले नाही. म्हणजे गेलेले वारूळ आपण भरून देऊ शकत नाही. आणि ती टोपली म्हणजे त्या बाईच्या घरचे चार दिवसांचे मीठ-तेल आहे. म्हणून मला असे वाटते की, त्यागाचा उपदेश करायचा तर क्रम उलटा हवा. संयमाची पहिली पाळी ज्याचे पोट भरलेले आहे त्याची. ज्याचे पोट त्यावर आहे त्याची शेवटची.

आता कोणी म्हणेल, मग माणसांनी घरे बांधूच नयेत काय? पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठणाऱ्या आणि रात्री दमून परतणाऱ्या तरुणाला शेलूला दोन खोल्या मिळाल्या, तर त्या वारुळापायी नाकाराव्यात काय? असे मी कधीही म्हणणार नाही. मी राहतो ते घरही एकेकाळी कोणाचे तरी खाचरच होते. माणसाला घर हवेच. परंतु घर बांधणे आणि भुईवर दुसरे कोणी नव्हतेच असे धरून चालणे, यांत अंतर आहे. आपल्या सातबाऱ्यावर काय काय लिहिलेले असते पाहा: मालक, कूळ, क्षेत्र, आकार, पीक, विहीर, झाडे. वारूळ लिहायला तिथे रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणून ते नाही, असे आपण मानून चालतो. माझ्या मते अन्यायाचा आरंभ इथे होतो. मारण्याच्या कितीतरी आधी, मोजण्यातून वगळण्यात.

हे वगळणे एकट्या शेलूचे नाही. आपल्या देशाचा वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. तो प्रथम पशुपक्ष्यांसाठी झाला. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात वनस्पतींना जागा मिळाली. बुरशीला स्वतंत्र जागा अद्याप नाही. धोक्यात आलेल्या जीवांची जी जागतिक लाल यादी ठेवली जाते, तीत २००३ सालापर्यंत बुरशीवर्गातली अवघी दोन नावे होती आणि तीही दगडफुलाच्या जातकुळीतली. २०२५ च्या मार्चमध्ये तपासलेल्या बुरशींचा आकडा तेराशेवर गेला, आणि त्यांतल्या चारशे अकरा धोक्यात असल्याचे आढळले. नाव मिळालेल्या बुरशी मात्र दीड लाखाच्या आसपास आहेत, आणि नाव न मिळालेल्या त्याहून कितीतरी अधिक. आफ्रिकेतले अभ्यासकही हेच दुःख सांगतात: संपत्ती अमाप, आणि मोजणारे हात थोडे. आपल्याला निदान एक समाधान आहे. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे, आणि जिवंत बुरशी जपून ठेवणारे राष्ट्रीय भांडारही तिथेच आहे. मालवणकडचे शंकर पुरुषोत्तम आघारकर आणि बुरशीशास्त्रज्ञ आजरेकर या मंडळींनी, ज्या काळी या विद्येला प्रतिष्ठा नव्हती त्या काळी, भिंगाखाली डोळे घालून हे काम केले. मला त्यात विद्वत्तेइतकाच न्यायही दिसतो. ज्याला कोणी विचारत नाही त्याचे नाव-गाव विचारणे आणि नीट लिहून ठेवणे, ही न्यायाची पहिली पायरी आहे.

तेव्हा माझे उत्तर असे आहे. न दिसणाऱ्यावर अन्याय करता येतो, आणि तो करणे फार सोपे असते. कारण तक्रार करायला कोणी येत नाही. ज्याची तक्रार येणार नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरूनच आपली नीती किती आपली आणि किती शेजाऱ्यांच्या धाकाची, हे कळते.

यासाठी फार मोठे व्रत घ्यावे लागत नाही. घर बांधताना कुंपणाच्या कोपऱ्यात एखादे वारूळ राहू द्यावे. ते घराच्या पायाशी आले असेल आणि काढावेच लागले तर काढावे. पण इथे कोणी राहत होते हे मुलांना सांगून काढावे. अळंबी विकत घ्यावी तर जाणत्या बाईकडूनच घ्यावी आणि तिच्याशी घासाघीस करू नये. तिचे ज्ञान त्या किमतीत आलेले नसते. स्वतः मात्र रानातली अनोळखी छत्री कधीही तोडून खाऊ नये, कारण पांढऱ्या, निरागस दिसणाऱ्या अळंब्यांतही प्राण घेणाऱ्या जाती आहेत.

आणि पुढच्या पावसाळ्यात दिव्याभोवती पंखांचे किडे जमले, की दिवा थोडा वेळ मालवावा. त्यांतले एखादे जोडपे अंधारात घर शोधायला निघालेले असते.