वहीतले दुःख कोणाचे?

घोडबंदर रोड हे नाव घोड्यांच्या बंदरावरून पडले असे सांगतात. पोर्तुगीजांच्या काळात अरब व्यापारी येथल्या खाडीत घोडे उतरवीत. आज त्याच रस्त्यावर मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत टॉवर उभे आहेत आणि भाड्याचे घर शोधायला गेलेल्या माणसाला दलाल पहिला प्रश्न विचारतो, 'नाव काय म्हणालात?' नाव सांगितले की दुसरा प्रश्न येत नाही, फोन येईल असे उत्तर येते. हा अनुभव आम्हांला आहे आणि हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना असेल. त्यात नवीन काही नाही. नवीन जे कळले ते आम्हांला आमच्या वर्गात कळले, आणि ते फारसे सुखाचे नाही. म्हणून ते येथे मांडतो आहोत.

आम्ही ठाण्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे वडील फर्निचरला पॉलिश करतात, प्लास्टर करतात, रिक्षा चालवतात. आया घोडबंदर रोडच्या इमारतींत धुणीभांडी करतात. बी.एड.ला असताना आम्हांला कृतिसंशोधन करावे लागले होते. प्रश्नावली, शेकडेवारी, स्तंभालेख, निष्कर्ष. ते सगळे नीट पार पडले आणि आम्ही विसरूनही गेलो. पुढे गुणात्मक संशोधनाबद्दल वाचनात आले. मुलाखत, निरीक्षण, दैनंदिनी, मुलांचे स्वतःचे लेखन. किती जणांना वाटले यापेक्षा काय वाटले आणि कसे वाटले याचा शोध. हे आम्हांला पटले. भेदभाव हा शेकडेवारीत सापडत नाही, तो बोलण्याच्या सुरात सापडतो, असे आम्हांला वाटत होते आणि अजूनही वाटते.

याला आधार आहे. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते, म्हणजे राज्याच्या ७६.९ टक्के सरासरीपेक्षा किंचित अधिकच. नुसता हा आकडा पाहणारा म्हणेल, तक्रार कशाची? पण मार्च २००५मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६मध्ये जो अहवाल दिला त्याचे दुसरे प्रकरण उघडून पाहावे. बाकीच्या प्रकरणांतले तक्ते सर्वांनी वापरले. दुसऱ्या प्रकरणात लोकांनी समितीसमोर काय सांगितले ते आहे. घर भाड्याने मिळत नाही, चांगल्या शाळेत प्रवेश मिळत नाही, बुरखा घातलेल्या बाईशी दवाखान्यात आणि बाजारात नीट बोलत नाहीत. ही माणसांची बोली आहे. आकडा सांगतो की मूल शाळेत गेले. शाळेत त्याला कोणत्या नावाने हाक मारली, हे आकडा सांगत नाही.

वर्णद्वेष हा शब्द आपल्याकडे अमेरिकेसाठी आणि दक्षिण आफ्रिकेसाठी राखून ठेवलेला आहे. २००१ साली दरबान येथे वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तेथे नेला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. जात आणि वंश या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारचे म्हणणे होते. शास्त्राच्या दृष्टीने त्या वेगळ्या असतीलही. पण जन्मावरून माणसाचा दर्जा ठरवणे आणि तो दर्जा त्याच्या नावावरून, रंगावरून, कपड्यांवरून ओळखणे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. ज्याला दारातून परत पाठवले जाते त्याला शब्दकोशातला फरक उपयोगी पडत नाही.

तर एका वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना 'मेरी माँ का काम' या विषयावर लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले की तिच्या आईला दोन नावे आहेत. एक घरचे आणि एक बिल्डिंगचे. बिल्डिंगच्या नावाने कोणी फोन केला तर 'यहाँ कोई नहीं' असे म्हणायचे नाही, आईला द्यायचा, हे तिला लहानपणीच शिकवलेले होते. रमजानमध्ये आई कामाच्या घरी चहा घेते आणि कोणाचे लक्ष नसताना मोरीत ओतते, असेही तिने लिहिले होते. पान दीड पानाचे होते. शुद्धलेखनाच्या चुका सोडल्या तर त्यात काही कमी नव्हते.

आम्ही ते वाचून हादरलो, आणि खरे सांगायचे तर थोडे आनंदलोही. संशोधकाला हवा असतो तसा पुरावा हाती आला होता. शिक्षकांच्या एका बैठकीत आम्ही ते पान मराठीत करून वाचून दाखवले. मुलीचे नाव घेतले नाही, शाळेची इयत्ता आणि इमारतीचा परिसर मात्र बोलण्याच्या ओघात आला. सभागृहात शांतता पसरली. दोघातिघांनी येऊन हात हातात घेतला. आम्ही समाधानाने घरी आलो.

पंधरा दिवसांनी मुलीची आई शाळेत आली. बैठकीतल्या कोणाकडून तरी ती गोष्ट इमारतीत पोचली होती. लिफ्टमध्ये तिला कोणी विचारले, 'तुझं खरं नाव काय गं?' तीन घरांपैकी एका घराने उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. एका घरच्या आजींनी मात्र नाव काहीही असो, वेळेवर ये, एवढेच म्हटले. तिसऱ्या घरी अजून काही कळले नव्हते. बाई भांडली नाही. ती इतकेच म्हणाली, "टीचर, बेटी ने आप को बताया. आप ने सब को बताया. आप की नौकरी तो पक्की है."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. नाव लपवले म्हणजे माणूस लपला असे होत नाही, हा संशोधनातला धडा झाला. पण प्रश्न त्याहून मोठा आहे. अन्याय उघड करायचा तर ज्याच्यावर तो झाला त्याला बोलते करावे लागते. बोलण्याची किंमत मात्र तोच मोजतो, ऐकणारा मोजत नाही. मग अन्यायाविरुद्ध लढण्यासाठी दुसऱ्याचे दुःख वापरण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? हेतू चांगला होता, एवढे उत्तर पुरते का?

हा प्रश्न आमच्यापेक्षा फार मोठ्या माणसांपुढे उभा राहिला आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४०च्या सुमारास काळ्या मुलांपुढे दोन रंगांच्या बाहुल्या ठेवल्या, गोऱ्या आणि काळ्या. चांगली कोणती, वाईट कोणती आणि तुझ्यासारखी कोणती, असे त्यांनी विचारले. बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या शाळांची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा तळटीपेत ज्या अभ्यासांचा उल्लेख झाला त्यांत केनेथ क्लार्क यांचा अभ्यास होता. लाखो मुलांचे भले झाले. पण 'तुझ्यासारखी कोणती' हा शेवटचा प्रश्न येताच काही मुले रडू लागली आणि ते पाहून आपण अस्वस्थ झालो, हे क्लार्क यांनी स्वतःच पुढे सांगितले. त्या रडलेल्या मुलांना निकालाचा काय उपयोग झाला, याचा हिशोब कुठेही नाही.

आता दुसऱ्या पानाविषयी. पहिल्या पानापेक्षा ते लिहिणे आम्हांला जड जाते. त्याच गठ्ठ्यात एका मुलाचे चार ओळींचे लेखन होते. आईचे काम दोन ओळींत संपवून त्याने पुढे लिहिले होते की आई त्याला रोज सकाळी क्रीम लावते, कारण वर्गात त्याला 'कालिया' म्हणतात आणि टीचरही म्हणतात. ते टीचर आम्हीच. वर्गात त्याच नावाचे दोन मुलगे होते आणि ओळख पटावी म्हणून आम्ही मुलांचाच शब्द उचलला होता. प्रेमानेच म्हणत होतो, असे आम्ही स्वतःला सांगून पाहिले. घोडबंदर रोडचा दलालही कदाचित स्वतःला असेच काही सांगत असेल.

हे पान आम्ही बैठकीत वाचले नव्हते. ते आम्ही गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले होते. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या अपमानाचा पुरावा आम्ही सभेत मांडला आणि आम्ही केलेल्या अपमानाचा पुरावा दडवला. यालाच आम्ही गुणात्मक संशोधन म्हणत होतो!

आपल्या समाजात हे बोलायला अवघड जाते. बाहेरून एवढे होत असताना घरातले कशाला काढता, असे म्हणतात. पण बागवान, अत्तार, शिकलगार, छप्परबंद, खाटीक या बिरादऱ्यांची नावे आपण कोणत्या सुरात घेतो हे आपल्याला ठाऊक आहे. बिहारहून आलेल्या मुलाला आपलीच मुले 'भैया' म्हणून हिणवतात. लग्न ठरवताना 'रंग साफ आहे' हे वाक्य आपल्याही दिवाणखान्यात बोलले जाते. शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली, तेव्हा इस्लाममध्ये जात नाही असे सांगत विरोध करणारे आपल्यातलेच होते. इस्लाममध्ये जात नाही हे खरेच आहे. मुसलमानांमध्ये ती आहे, हेही तितकेच खरे आहे.

दीन या बाबतीत कोणालाच सवलत देत नाही. हजरत बिलाल (रजि.) काळे होते, गुलाम होते, आणि पहिली अजान देण्याचा मान त्यांना मिळाला. हजरत अबू जर (रजि.) यांनी एकाला त्याच्या आईवरून टोचून बोलले तेव्हा तुझ्यात अजून अज्ञानकाळ शिल्लक आहे, अशा अर्थाची कानउघाडणी पैगंबरांनी (स.) केली. सूरह हुजुरातमध्ये तर वाईट टोपणनावांनी हाक मारू नका असा स्पष्ट हुकूम आहे. आम्ही ती सूरह मुलांना समजावून सांगितली होती. त्याच तासाला हजेरीत 'कालिया' अशी हाकही मारली असेल.

मग काय करावे? लिहून घेणे बंद करावे का? क्षणभर तसे वाटले होते. पण तेव्हा मुक्ता साळवेची आठवण झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ पाहायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले. ज्या फातिमाबींचा उल्लेख सावित्रीबाईंनी १८५६च्या पत्रात केला आहे त्या आपल्या. म्हणून ही परंपराही आपली आहे. मुक्ताचे दुःख तिच्या गुरुजनांनी आपल्या नावावर सांगितले नाही. तिला लिहायला शिकवले, आणि ती स्वतः, स्वतःच्या नावाने बोलली. फरक येथे आहे. दुःख वहीत ज्याने लिहिले त्याचेच ते राहते. ते कुठे न्यायचे आणि कुठे नाही, हे त्यानेच ठरवायचे.

त्या मुलाची आम्ही वर्गासमोर माफी मागितली. तो लाजून खाली पाहत राहिला. तेव्हापासून हजेरी पूर्ण नावाने घेतो, वडिलांच्या नावासकट, वेळ लागला तरी. त्या बाईला आम्ही दुसरे घर मिळवून देऊ शकलो नाही. ते तिने तिचे तिनेच मिळवले. मुलीचे पान आम्ही तिला परत दिले आणि आमच्याकडची नक्कल फाडून टाकली. येथे जे लिहिले आहे ते मायलेकींना वाचून दाखवून, त्यांनी सांगितले ते बदलून, त्यांच्या संमतीने लिहिले आहे.

वाचून झाल्यावर आम्ही बाईंना विचारले, नव्या घरी कोणते नाव सांगितले? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "टीचर, ये मत लिखना."

म्हणून लिहिलेले नाही.