हुंकार

आमच्या घरात गोष्ट सांगायचा मान आजीचा. रात्रीची जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली की सोप्यात वाकळ अंथरायची आणि आम्ही चार-पाच पोरं तिच्या भोवतीनं आडवी व्हायचो. कंदील बारीक केलेला असायचा, तोंडं दिसायची नाहीत. म्हणून आजीची एकच अट. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. "हूं म्हणा रं. न्हाईतर मला काय कळतंय, जागं हाईसा का घोरतायसा?" हूं थांबला की गोष्ट थांबली.

थोरल्या भावाला झोप लवकर यायची. पण त्याच्यामुळं गोष्ट बंद पडली तर आम्ही चिमटे काढायचो, म्हणून तो झोपेतच हूं हूं करत राहायचा. आजीला ते कळायचं. मग ती आवाज न बदलता सांगायची, "आन मग राजाच्या डोक्यावर म्हस यिऊन बसली." "हूं." "म्हशीनं राजाला इचारलं, पेंड हाय का?" "हूं." आम्ही हसून लोळायचो. आजीही हसायची, पण नंतर भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "झोप आली तर झोप की लेकरा. खोटा हुंकार दिऊ नगंस."

हे मला पन्नास-पंचावन्न वर्षांनी आठवलं, आणि ज्या कारणानं आठवलं ते सांगायला मला जड जातं.

2022 सालचा फेब्रुवारी. मी शाळेतनं निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. दुपार कलली होती. आई सोप्यात पावटा सोलत बसली होती आणि मी तिच्या समोर खांबाला टेकून, हातात मोबाईल. आई काहीतरी सांगत होती. आवाज चालू होता एवढं मला आठवतं. मधेच तो हळू झाला होता, हेही आठवतं. मी हूं हूं करत होतो. शेवटी ती म्हणाली, "मग करशील न्हवं येवढं?" आणि मी मान वर न करता म्हणालो, "हां, करतो की."

"बरं झालं बाबा," म्हणाली. टरफलं पदरात भरून घेतली आणि म्हशीपुढं टाकायला गोठ्याकडं गेली.

बाराव्या दिवशी ती वारली. वय झालं होतं, झोपेतच गेली, कुणाला त्रास दिला नाही. दहावं-तेरावं उरकलं, पाहुणे पांगले आणि एका संध्याकाळी त्याच खांबाला टेकलो असताना मला ते आठवलं. काय करायला सांगितलं होतं तिनं? कशाला हां म्हणालो मी? पुष्कळ डोकं शिणवलं, एक शब्द हाती लागला नाही. त्या वेळी मोबाईलवर काय बघत होतो, तेही आठवत नाही. कुणाच्या वाढदिवसाचे फोटो असतील, कुठल्या तरी ग्रुपवरची निवडणुकीची भांडणं असतील. आयुष्यभर मी वर्गात खडू हातात घेऊन "लक्ष कुठं आहे रे तुझं?" म्हणून पोरांना उभं केलं. तो मी.

मग विचारपूस सुरू केली. बहीण म्हणाली, पालीच्या खंडोबाला आईचा एक नवस राहिला होता. पाल आमच्या कराड तालुक्यातलंच, पण आईचं गुडघ्यांमुळं जाणं झालं नव्हतं. जाऊन आलो. बायको म्हणाली, धाकट्या मावशीला लुगडं नेसवायचं तिच्या मनात होतं. नेसवलं. तिसरं अवघड होतं. चुलतभावाशी आमचा बांधावरनं वाद होता, दोन-अडीच फुटांचा, पण सोळा वर्षांचा. आईला ते कायम खुपायचं. एक दिवस मीच त्याच्या दारात जाऊन बसलो आणि म्हणालो, बांध तू म्हणतोस तिथं टाक. तो माझ्याकडं बघतच राहिला. आता तो रोज सकाळी चहाला येतो.

तीन कामं झाली, तिन्ही चांगली झाली, पण मन काही निवलं नाही. यातलं एक होतं का कुठलंच नव्हतं?

माझा एक वर्गमित्र वकिली करतो. त्याला हे एकदा सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मग तू बांधलेलाच नाहीस. 1872 च्या करार कायद्यातच आहे, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली तर ती संमती. तू ऐकलंच नाहीस, तर संमती कसली?" मला जरा हलकं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचं हां आत्याबाईंनी ऐकलं न्हवं? त्या समाधानानं उठल्या न्हवं? मग दिलाच की शब्द. तुमी काय ऐकलं न्हाई, त्यो तुमचा प्रश्न."

वकिलाचं म्हणणं कायद्याला धरून होतं. पण मला वाटतं बायकोचं खरं आहे. शब्द घेणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तो पुरा दिला गेलेला असतो. देणाऱ्याच्या बाजूनं तो पोकळ असतो. माझ्या भावाचा झोपेतला हुंकार आणि माझा हां यात एवढाच फरक, की आजीनं भावाला पकडलं आणि आईनं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या दिवसांत मला आजोबांची एक गोष्ट फार आठवायची. सावकाराच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला होता. कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. त्या अंगठ्यापायी ओढ्याकडचा तुकडा गेला तो गेला. आमच्या भागात असं घर शोधून सापडणार नाही, ज्याचा असा एखादा तुकडा गेलेला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली आमच्याच तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्याला नेली, त्यामागं हे अंगठेच होते. रयतेच्या पोराला वाचता यावं, त्याला कुणी फसवू नये. मी त्याच शाळांतनं शिकलो. वाचता येतं. आणि आता मोबाईलवर काहीही उघडलं की भलंमोठं वाचन समोर येतं, खाली 'मान्य आहे' लिहिलेलं असतं, आणि मी एक ओळ न वाचता त्यावर अंगठा ठेवतो. आजोबांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांचा अंगठा उठला. माझा कशापायी उठतो?

याच वर्षी, ऑगस्टमध्ये, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी आली. कडेगाव तालुक्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. आमचे कुठलेसे पाहुणे त्या बाजूचे, त्यांनी व्हॉट्सअॅपवरच धाडली. सरपंच विजय मोहिते आणि गावानं मिळून ठरवलं, रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा झाला की घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचावं, बोलावं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरली, त्यापायी कर्ज काढून पोरांच्या हातात मोबाईल दिले, आणि शाळा उघडली तरी ते हातातनं सुटेनात, असं तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं होतं. ते कुठल्या गावात नव्हतं? सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी आणि आशा सेविका, पंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं तर अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलच नको असा ठराव केला.

आमच्या गावातही चर्चा झाली. 2023 च्या 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभेत कुणीतरी विषय काढला. एरवी ग्रामसभेला पंधरा डोकी, त्या दिवशी देवळापुढचा मांडव भरला.

एक तरणा पोरगा उठला. शिकलेला, शेती चांगली करतो. तो म्हणाला, "मोबाईलवर माझी मोटार चालू होती. रातच्याला लाईट आली तर पयलं बाबा काठी-बॅटरी घिऊन इहिरीवर जायाचे. दोनदा पायात साप आला. आता मी हांतरुणात पडून मोटार लावतो. कारखान्याची ऊसतोडीची तारीख मोबाईलवर येती. हळदीचा भाव सांगलीच्या मार्केटात काय निघाला, घरात बसून कळतंय. आन माझ्या घरात मी कवा काय बंद करायचं, हे गाव सांगणार?"

त्याचं काही चूक नव्हतं. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही सगळे कृष्णाकाठचे रात्र रात्र मोबाईल बघत होतो. कोयनेतनं किती सोडलं, पुलाला किती झालं. तो नसता तर काय झालं असतं, सांगवत नाही.

त्यावर एक म्हातारे आबा उठले, नव्वदीच्या पुढचे. म्हणाले, "नाना पाटलांच्या सरकारात गावानं दारू बंद केली, हुंडा बंद केला, बांधाची भांडणं गावातच तोडली. तवा कुणी इचारलं न्हाई, माझ्या घरात गाव कसं शिरलं म्हणून." 1943 ते 46 चं प्रतिसरकार आमच्या भागात अजून घरच्यासारखं बोललं जातं. सातारा-सांगली तेव्हा एकच जिल्हा होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 ला त्याचं सांगली झालं. आबांचं ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या सरकारात ऐकलं नाही तर पायावर काठ्या बसायच्या, पत्री सरकार हे नाव तिथनंच पडलं, हे आबा बोलले नाहीत. गाव एखाद्याच्या भल्यासाठी त्याच्या उंबऱ्याच्या आत किती यावं, याचं उत्तर टाळ्यांनी मिळत नाही.

मला पटलं ते तिसऱ्याच एका बाईचं. मागं बायकांत बसली होती, बोलायला लाजत होती. म्हणाली, "मी एकटीनं बंद करून बगितलाय. सासू म्हणती मालिका बुडाली, मालक म्हणत्यात तुला काय कळतंय, पोरगं शेजारच्याकडं जाऊन बगतंय. आन शेजारची म्हणती, लई शानी झाली. सगळ्यांचाच बंद झाला, तर कुणाला काय बोलायला जागाच न्हाई."

तोवर मी हा प्रश्न प्रत्येकाच्या मनाच्या लगामाचा समजत होतो. ज्याला जमतं त्याला जमतं. तिनं दाखवलं की सवय सगळ्या गावाची असली तर ती एकट्यानं मोडायची म्हणजे एकटं पडायचं. भोंगा सक्ती करतो हे खरंच. पण त्या बाईला तो मोकळीकही देणार होता, कारण आता बंद करायला तिला कुणाची परवानगी लागली नसती.

ठराव हात वर करून मंजूर झाला. वर्गणी निघाली, भोंगा आला. मी त्या सभेत बोललो नाही. आईची गोष्ट मांडवात सांगायचं धाडस झालं नाही.

पहिल्या संध्याकाळी सातला भोंगा झाला आणि माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी साखर कारखान्याचा भोंगा ऐकून आम्ही वेळ ओळखायचो. त्या भोंग्यानं माणसं पाळीवर जायची. ह्या भोंग्यानं माणसं घरात परतायची होती. सुरुवातीचे पंधरा दिवस नवल होतं. गल्लीत पोरांचा वाचायचा आवाज यायचा. बायका ओट्यावर यायच्या. एक गोष्ट मात्र मला टोचली. आमच्या मागल्या आळीला एक म्हातारी एकटीच राहते. पोरं मुंबईला. टीव्ही हीच तिची सोबत. सातला तीही बंद करून अंधारात बसायची, गाव काय म्हणेल म्हणून. चार दिवसांनी माझी बायको तिला आमच्याकडं घेऊन यायला लागली. भोंग्यानं टीव्ही बंद केला, पण तिच्याशी बोलायला कुणी जावं, हे ठरावात नव्हतं.

पुढं यात्रा आली, उसाची बिलं आली, दोन दिवस भोंगा वाजवायचा राहिला आणि मग राहिलाच. वडगावला जी नेटानं मागं लागणारी माणसं होती, तशी आमच्याकडं निघाली नाहीत. मीही त्यातलाच. मला घरोघरी फिरायला पाय होते की.

आमच्या घरात सात ते साडेआठ अजून पाळतो. मोबाईल फडताळात, पिठाच्या डब्याशेजारी. म्हातारी येते. माझा नातू तिच्याकडनं गोष्टी ऐकतो. मी काय करतो? पहिले काही दिवस तर नुसता फडताळाकडं बघायचो. मोबाईल बाजूला ठेवला म्हणजे माणूस ऐकायला लागतो, असं नाही. मन तरी कुठं जागेवर असतं! बायको बोलत असते आणि मी मनात वेगळाच हिशेब घालत असतो. आता एवढं करतो की ऐकलं नसेल तर सांगतो, "ऐकलं न्हाई मी, परत सांग." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती रागावली. आता परत सांगते.

गेल्या महिन्यात बहीण आली होती. पावट्याचंच कालवण होतं, त्यावरनं विषय निघाला आणि तिला एकदम आठवलं. आईनं तरुणपणी विट्याकडच्या एका मैत्रिणीची पितळेची घागर लग्नात वापरायला आणली होती. ती द्यायची राहिली. नंतर पोट फिरण्याचे दिवस आले आणि वडिलांनी घरातली भांडी मोडीत घातली, त्यात तीही गेली. आई म्हणायची, "तिच्या तोंडाकडं बगायची लाज वाटती." मैत्रीण आहे का गेली, ठाऊक नाही. तिच्या मुलाचा मोबाईल नंबर बहिणीनं कुणाकडनं तरी मिळवून दिला.

साताऱ्याच्या बाजारातनं घागर आणली आहे. सोप्यात खांबाशेजारी ठेवली आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं नातवाला घेऊन विट्याला जाणार आहे. आधी फोन केलेला नाही.