माळ्यावरचे बिऱ्हाडकरू

अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये साप आहे. तो स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या घरात राहतो. आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर वटवाघळांनी बिऱ्हाड केलं, तेव्हा मला हाच गुरू आठवला. पण घाण, वास, नातवंडांची तब्येत हेही पाहायला हवं. अशा जिवांना घालवणं पाप आहे का?

मला तसं वाटत नाही. घर राखणं हा गृहस्थाचा धर्मच आहे. पाप होतं ते घाईने. बहुतेक वटवाघळांना एका वेळी एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या दुधावर असतं. अशा वेळी फटी बुजवल्या तर आई बाहेर आणि पिल्लू आत उपाशी! म्हणून पिल्लं उडू लागेपर्यंत थांबावं. मग दिवेलागणीला ती कुठून निघतात ते पाहून त्या फटीवर जाळी लावावी, वरून व बाजूंनी पक्की, खालून मोकळी. बाकीच्या फटी बुजवाव्यात. त्यांना बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. काही रात्रींनी माळा रिकामा झाल्याची खात्री करून तीही फट बंद करावी. उघड्या हाताने मात्र कुणाला धरू नये.

बँकेत जप्तीआधी कर्जदाराला नोटीस जाते, मुदत मिळते. मुक्या जिवाला नोटीस वाचता येत नाही. त्याची मुदत आपणच मोजायची. देहाचं घर आपल्यालाही मुदतीवरच मिळालंय, हे दत्तभक्तांना वेगळं काय सांगावं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥