फर्म्याचे प्रामाण्य

कामठीस, १८२१ साली वसलेल्या छावणीपासून फारशा दूर नसलेल्या आमच्या घरी, गतवर्षी पावसाळ्यापूर्वी खिडकीच्या जाळीसाठी सागाच्या २४ सारख्या पट्ट्या मला कापावयाच्या होत्या, आणि सुतारकामाचा सराव नसल्यामुळे मी पहिल्या पट्टीवरून दुसरी आखली, दुसरीवरून तिसरी, आणि याप्रमाणे नमुन्याबरहुकूम शेवटपर्यंत गेलो. पेन्सिलीची रेघ नमुन्याच्या कडेबाहेर पडते आणि करवत तिच्याही बाहेरून चालते. त्यामुळे प्रत्येक पट्टी आपल्या आधीच्या पट्टीहून अर्धा मिलिमीटर वाढत गेली आणि चोविसावी पहिलीशेजारी ठेवली तेव्हा साडेअकरा मिलिमीटरांचा फरक निघाला. कसूर कोणत्या पट्टीची, हे ठरविता येईना. प्रत्येकीने आपल्या पूर्वजेशी इमान राखले होते. परंपरेने आलेल्या कित्येक आचारांची हीच गत झाली असावी, असे त्या दिवशी प्रथम मनात आले.

ज्याला आमच्याकडे वाढई म्हणतात अशा एका वृद्ध शेजाऱ्याने मग माझ्याकडून फर्मा करवून घेतला. एक सपाट फळी, तिच्या पाठीवर काटकोनात बसविलेली एक जाड पट्टी, त्या पट्टीत करवतीच्या पात्यापुरती खाच, आणि खाचेपासून हव्या त्या अंतरावर पक्का केलेला एक ठोकळा: लाकूड ठोकळ्याला भिडवावे, करवत खाचेतून चालवावी, की माप घेण्याचे कारणच उरत नाही. ठोकळ्याचा खालचा कोपरा त्याने मला थोडा तासावयास लावला, कारण तेथे भुसा साचला तर लाकूड पुरते भिडत नाही आणि पट्टी आखूड निघते. आमच्या गावच्या हातमागावरील फणी ताण्याचे धागे ठरल्या अंतरावर राखते, तेही याच जातीचे साधन.

परंतु ज्या हाताला २४ पट्ट्या सारख्या कापता येत नाहीत, त्याच हाताने केलेला फर्मा त्या हाताहून अधिक विश्वसनीय कसा होतो? आपल्या भाषेत ‘प्रमाण’ म्हणजे माप आणि ‘प्रमाण’ म्हणजेच यथार्थ ज्ञानाचे साधन, आणि त्या साधनाला प्रामाण्य कोठून येते हा आपल्या दर्शनांतील जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते, आणि ते अप्रमाण ठरते ते बाधक ज्ञान उद्भवले किंवा कारणात दोष आढळला तरच. साचलेला भुसा हा मला असाच कारणदोष वाटतो. नैयायिकांस एवढ्याने समाधान नाही. प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून सिद्ध व्हावे लागते, असा त्यांचा पक्ष आहे.

वाढईची परीक्षा या दुसऱ्या पक्षाची होती. समांतर कडांची रुंद फळी फर्म्यात कापावी, एक तुकडा उलथा करून दोन्हींच्या कडा एकाच सरळ पट्टीला टेकवाव्या आणि कापलेली अंगे परस्परांस भिडवावी: काटकोन खरा असेल तर फट राहत नाही, आणि अर्ध्या अंशाची चूक असेल तर एका अंशाची पाचर दिसते. या परीक्षेत दोष दुप्पट होऊन समोर येतो. चुकणारा हात आपल्याहून अचूक वस्तू घडवू शकतो तो याच बळावर. कापताना मात्र प्रत्येक वेळी शंका घेऊन चालत नाही, तेथे मीमांसकच खरे. पण त्या विश्वासाचा हक्क फर्म्याला परीक्षेने मिळालेला असतो, असे माझे मत आहे.

१९९९ साली उभारलेल्या येथील ड्रॅगन पॅलेस विहारातील चंदनी बुद्धमूर्तीपुढे बसलो असता मला बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाची आठवण होते. प्रमाणसमुच्चयाच्या आरंभी त्याने बुद्धाला ‘प्रमाणभूत’ म्हणून वंदन केले, आणि त्याच परंपरेतील धर्मकीर्तीने त्यातील ‘भूत’ या पदाचे प्रयोजन असे सांगितले की, जे कधी उत्पन्नच झाले नाही अशा नित्य प्रमाणाचे त्याने निराकरण व्हावे. प्रमाण हे घडत घडत प्रमाण होते, हा अर्थ ग्रंथात वाचूनही माझ्या पदरात पडला नव्हता. तो हातात करवत आल्यावर पडला.

ओल्या दिवसांत सागही किंचित हलतो. म्हणून गेल्या आठवड्यात दुसऱ्या खिडकीचे काम काढले, तेव्हा फर्म्यात प्रथम एक रद्दी फळी कापली, तुकडा उलथा करून भिडविला, आणि केसाएवढी फट दिसताच पाठीची पट्टी सोडवून पुन्हा बसविली.